नाकाखालची आठ पावलं

रणगाडा चालवणाऱ्याला सगळ्यांच्या पुढे बसवतात, पण नेमकं पुढचंच त्याला धड दिसत नाही. डोक्यावरचं झाकण उघडं असलं तर ठीक. माणूस मुंडी बाहेर काढून शहाण्यासारखा रस्ता बघत जातो. गोळ्या सुरू झाल्या की झाकण बंद, आणि मग उरतात तीन काचा. वीतभर लांब, चार बोटं उंच. एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांतून लांबचं झाड दिसतं, चौकातला दिव्याचा खांब दिसतो, आभाळाची चिंधी दिसते. पण गाडीच्या नाकापासून पुढची आठ पावलं काही केल्या दिसत नाहीत. तिथे विहीर असली तरी आत पडल्यावरच कळायची.

ही आठ पावलं तीन दिवसांपासून टँकरवाल्याला खायला उठली होती.

लढाईच्या आधी अकरा वर्षं त्याने पाण्याचा टँकर चालवला होता, म्हणून गाडीत सगळे त्याला टँकरवाला म्हणत. "टँकरमधला 'र' गळला आणि टँक हातात आला, एवढीच काय ती तुझी बढती," असं मास्तर म्हणायचे. मास्तर म्हणजे गाडीचे कमांडर. ते खरोखरच शाळेत भूगोल शिकवत आणि अजूनही नकाशा उलगडला की समोर चाळीस पोरं बसल्यासारखे बोलत. त्यांची जागा वरच्या फिरत्या बुरुजात. डोक्याभोवती काचांचं कडं असल्यामुळे त्यांना चारी दिशा दिसत, पण तुकड्यातुकड्यांनी, फुटक्या आरशात दिसावं तशा. त्यांच्या पुढ्यात तोफेला डोळा लावून बसायचा घड्याळजी. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे एक डोळा मिटून तासन्‌तास बसायची त्याला सवयच होती. त्याच्या दुर्बिणीतून चारशे पावलांवरच्या खिडकीची कडीसुद्धा दिसे. फक्त तिच्या शेजारची खिडकी दिसत नसे. चौथा पैलवान. अंगाने हडकुळा, म्हणून हे नाव. तोफेत गोळे भरायचं काम त्याचं, आणि त्याला बाहेरचं जवळजवळ काहीच दिसत नसे. दर दोन मिनिटांनी त्याचा आवाज हेडफोनमध्ये यायचा, "काय दिसतंय रे बाहेर?" मग कुणीतरी त्याला सांगायचं, घरं आहेत, भिंत आहे, एक सायकल पडलीय. तेवढ्यावर त्याचं दोन मिनिटं समाधान व्हायचं.

तीन दिवसांपूर्वी गावात शिरताना एका बोळात धुळीचा लोट उठला आणि तिन्ही काचा पिवळ्या पडल्या. त्याच वेळी रणगाड्याचा डावा साखळीपट्टा कशावर तरी चढला आणि उतरला. हळू चढला, हळू उतरला. अकरा वर्षं चाकाखाली काय येतं ते बुडाला कळणाऱ्या माणसाला ते विटांचं वाटलं नाही.

"मास्तर, काय होतं ते?" त्याने विचारलं होतं.

"भिंत होती. चल पुढे."

संध्याकाळी गाडी थांबल्यावर त्याने पट्ट्याच्या कड्या तपासल्या. एका कडीत निळ्या चौकड्यांचं कापड अडकलं होतं, हाताच्या पंजाएवढं. गादीचं असेल, पडद्याचं असेल. आणखीही कशाचं असू शकलं असतं. त्याने घड्याळजीला विचारलं. घड्याळजी म्हणाला, मी त्या वेळी गच्ची बघत होतो. पैलवानाला विचारण्यात अर्थच नव्हता. तेव्हापासून टँकरवाल्याला चैन पडेना. जेवायला बसला की उठायचा, दात घासायचा ब्रश घेऊन काचांच्या कडा कोरून काढायचा. पुसलेली काच पुन्हा पुसायचा.

"अरे, झिजवशील ती," पैलवान म्हणाला.

"झिजू दे. निदान पातळ तरी होईल."

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला हुकूम आला. मोठ्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या पोस्टाच्या इमारतीत पायदळाची सहा माणसं आदल्या दिवसापासून अडकली होती. त्यांतली दोन जखमी. रणगाड्याने रस्त्याने पुढे जायचं, पोस्टाच्या दारासमोर आडवं उभं राहायचं आणि त्याच्या आडोशाने माणसं बाहेर काढायची. रणगाड्यामागून पायदळाचे दहा जण चालणार होते. त्यांचा म्होरक्या एक दांडगा, दाढी वाढलेला सार्जंट होता. निघण्यापूर्वी त्याने रणगाड्याच्या नाकावर थाप मारली आणि टँकरवाल्याकडे बघून म्हणाला, "गाडी थांबवू नकोस बाबा. थांबलास की आम्ही उघडे पडतो. आणि लवकर चल. आत माझा मेव्हणा आहे, त्याच्या मांडीला लागलंय."

"जितकं दिसेल तितकं चालवतो," टँकरवाला म्हणाला.

"माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ आहे तो. बघ."

झाकणं बंद झाली. रणगाड्याच्या मागच्या बाजूला पायदळाला आतल्यांशी बोलता यावं म्हणून एक फोन असतो, तो आदल्या आठवड्यातच उखडून गेला होता. आता सार्जंटशी बोलायचं तर मास्तरांच्या वायरलेसवरून, आणि तो मध्येच खरखरून गप्प व्हायचा.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरं, खाली दुकानं, बहुतेकांचे पत्रे ओढलेले. टँकरवाला माणूस चालेल त्या वेगाने गाडी हाकत होता, मागचे दहा जण मागे पडायला नकोत म्हणून. समोरच्या काचेत औषधाच्या दुकानाची पाटी आली आणि वर सरकून गेली. उजव्या काचेत एक उघडं दार, आत जिना. डाव्या काचेत एका खिडकीतला पडदा हलला. वाऱ्याने हलला की हाताने, ते कळायच्या आत खिडकी काचेबाहेर गेली. डोळ्यांत तेल घालून बघायचं म्हटलं तरी बघायला जागा तर हवी. त्याची मान दुखायला लागली. तो एकदा डावीकडे वाके, एकदा उजवीकडे, जणू काचेच्या कडेपलीकडचं तेवढ्याने दिसणार होतं.

"काय दिसतंय रे?" पैलवान.

"दुकानं. शिवणयंत्राचं दुकान. एक खुर्ची रस्त्यात पडलीय."

"कसली खुर्ची?"

"न्हाव्याची असते तसली. गप बस."

वर टण्णकन आवाज झाला. मग आणखी एक. कुणीतरी बुरुजावर नेम धरून गोळ्या झाडत होतं. मास्तरांच्या कड्यातली एक काच तडकली, ते शिवी गिळून म्हणाले, "उजवीकडे मागे कुणीतरी आहे. डोकं कुणीच बाहेर काढायचं नाही."

"मास्तर," घड्याळजीचा आवाज आला. एरवी मंद बोलणारा माणूस, आता आणखी मंद. "रस्त्याच्या टोकाला पिवळं घर. तिसरा मजला, मधली खिडकी. आत माणूस आहे. खांद्यावर रॉकेटची नळी आहे त्याच्या. बाहेर डोकावला आणि मागे सरला."

"मार."

"आत्ता दिसत नाही. त्याच्या खालीच पोस्ट आहे. भिंत पडली तर आपल्याच लोकांवर. तो खिडकीत आला की मारतो. नुसता त्याच्यावर डोळा ठेवू द्या."

तेवढ्यात डाव्या काचेत एक दार उघडलं. बाई बाहेर आली. पन्नाशीची असावी, अंगावर करडा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. पोटाशी काहीतरी पांढरं धरलेलं. ती पळाली नाही. गोळ्या चाललेल्या रस्त्यात ती सरळ रणगाड्याच्या दिशेने चालत आली, एक हात वर करून, तोंडाने काहीतरी ओरडत. डाव्या काचेतून मधल्या काचेत आली. तिचे खांदे दिसले, मग नुसता चेहरा, मग केस. मग काच रिकामी.

टँकरवाला उजव्या काचेकडे वळला. ती तिथे यायला हवी होती. एक. दोन. तीन. आली नाही.

त्याने ब्रेक दाबला. गाडी नाक खाली करून थांबली.

"काय झालं?" मास्तर.

"समोर बाई आहे."

"मला कुठे दिसत नाही."

"मलाही दिसत नाही. म्हणूनच थांबलो."

"बाजूला गेली असेल."

"नाही गेली. तिन्ही काचा बघतोय. ती नाकाखाली आहे."

वायरलेसवर सार्जंट ओरडायला लागला. "का थांबलात? अरे, चला! आमच्या पायाशी गोळ्या पडतायत!"

"समोर एक बाई आलीय," मास्तरांनी सांगितलं. "तुमच्याकडून कुणाला पुढचं दिसतंय का?"

"पुढे यायला डोकं ठिकाणावर नाही का? दोन पावलं बाहेर टाकली की भाजून काढतील. हलवा गाडी!"

"मागे घेऊ का?" टँकरवाल्याने विचारलं आणि विचारता विचारताच त्याच्या लक्षात आलं. मागे दहा माणसं गाडीला चिकटून उभी होती. मागची तर त्याला आठ पावलंही दिसत नव्हती, शंभर पावलंही दिसत नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर.

"तिच्या हातात काय होतं?" घड्याळजीने विचारलं. डोळा त्याने दुर्बिणीवरून हलवला नव्हता.

"पांढरं काहीतरी."

"पांढरं म्हणजे?"

"म्हणजे पांढरं! बोचकं असेल, कापड असेल. मला काय माहीत!"

"पोटाशी धरलं होतं?"

"हो."

सगळ्यांच्या मनात एकच आलं. गाडीच्या पोटाखालचा पत्रा सगळ्यांत पातळ असतो, आणि तिथे कुणी काही सरकवून ठेवलं तर कुणालाही दिसणार नाही.

"चल पुढे," मास्तर म्हणाले. पण आवाज शिक्षकाचा नव्हता. "टँकरवाल्या, चल. मागे दहा आहेत, पुढे सहा आहेत."

टँकरवाल्याचा पाय ब्रेकवरच राहिला.

"मास्तर, त्या दिवशी बोळात काय होतं?"

"ही काय वेळ आहे?"

"हीच वेळ आहे. काय होतं? तुम्ही बघितलंत का?"

वर पुन्हा टण्ण झालं.

"नाही," मास्तर म्हणाले. "मला नुसती धूळ दिसत होती. काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून भिंत म्हणालो."

टँकरवाल्याला राग यायला हवा होता. पण आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं, घट्ट बसलेला नट एकदाचा फिरावा तसं. त्याने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

"अरे! वेडा झालास काय?" पैलवान किंचाळला.

"ती काहीतरी ओरडत होती. ऐकू दे."

इंजिन थांबल्यावर गाडीत अशी शांतता पसरली की प्रत्येकाला शेजारच्याचा श्वास ऐकू आला. लोखंडाच्या जाड भिंतीपलीकडून काहीतरी येत होतं, पण शब्द नव्हते. फक्त ठक, ठक, ठक. कुणीतरी हाताने गाडीच्या नाकावर मारत होतं. दार वाजवावं तसं.

"बॉम्ब ठेवणारी दार वाजवत नाही," पैलवान म्हणाला.

"मला झाकण उघडू द्या," टँकरवाला म्हणाला. "मास्तर, तोफ बाजूला घ्या. मला मुंडी बाहेर काढता येईल."

अडचण तिथेच होती. तोफ सरळ पुढे असली की तिची नळी ड्रायव्हरच्या झाकणावर येते. झाकण उचललं तर चार बोटंही उघडत नाही. बुरूज फिरवून तोफ बाजूला नेली तरच टँकरवाल्याला बाहेर बघता येणार होतं. आणि तोफ बाजूला गेली की घड्याळजीचा डोळाही तिच्याबरोबर बाजूला जाणार.

"नाही," घड्याळजी म्हणाला. "मी खिडकीवरून नजर काढली की तो बाहेर येणार. त्याला एवढी मोठी थांबलेली गाडी पुन्हा कधी मिळणार? मग ती बाईही जाईल आणि आपणही."

"मग काय करू? चिरडू?"

"मी तसं म्हटलं का? मी फक्त सांगतोय की मी बघतोय ती एकच जागा आहे, आणि तिच्यातूनच मरण येणार आहे!"

वायरलेसवर सार्जंटचा आवाज बदलला होता. तो आता ओरडत नव्हता. "पोस्टातून निरोप आलाय. त्याचं रक्त थांबत नाहीये. ऐकताय का? त्याचं रक्त थांबत नाहीये."

पैलवान बोलला. या वेळी त्याने "काय दिसतंय" असं विचारलं नाही.

"धूर सोडा ना."

"धूर सोडला तर मलाही काही दिसणार नाही," घड्याळजी म्हणाला.

"मग त्यालाही नाही दिसणार! होऊ दे की सगळ्यांचंच माझ्यासारखं. मी चार महिने तसाच बसलोय, मेलो का?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. बुरुजाच्या बाजूला धुराचे गोळे फेकणाऱ्या नळ्या होत्या. गोळे पंचवीस-तीस पावलं पुढे जाऊन फुटत. बाई त्याच्या कितीतरी अलीकडे होती.

"दीड मिनिट धूर राहील," ते म्हणाले. "सार्जंट, आम्ही धूर सोडतोय. तुमची माणसं उजवीकडच्या दुकानात घाला, गाडीमागे कुणी थांबू नका. टँकरवाल्या, तोफ डावीकडे गेली की उघड. घड्याळजी, तयार?"

"तयार नाही," घड्याळजी म्हणाला, "पण करा."

फट्‌फट्‌ करून नळ्या उडाल्या. समोरच्या काचेत रस्ता होता, तिथे राखाडी भिंत उभी राहिली. बुरूज घरघरत वळला. टँकरवाल्याने झाकण ढकललं आणि छातीपर्यंत बाहेर आला.

पहिल्यांदा नुसता धुराचा वास आणि नाकाडोळ्यांतून पाणी. मग खोकल्याचा आवाज. त्याने वाकून खाली बघितलं. दोन पट्ट्यांच्या मधोमध, गाडीच्या नाकाला पाठ टेकून ती बाई बसली होती. हातात उशीचा अभ्रा होता. पांढरं निशाण म्हणून आणलेला.

"अरे, कुणीतरी आहात का आत!" ती ओरडली आणि वर बघितलं तर टँकरवाल्याचं डोकं. "पुढे येऊ नका! खाली माणसं आहेत!"

"कुठे खाली?"

"रस्त्याखाली! आमच्या लाँड्रीचं तळघर रस्त्याखालून पलीकडच्या फुटपाथपर्यंत गेलंय. जुनं विटांचं आहे, दुधाची गाडी गेली तरी माती पडते. एकोणीस जण आहेत खाली. माझी सासू अंथरुणाला खिळलीय, तिला कुठे हलवू? दोनदा खिडकीतून ओरडले, कुणी बघितलं नाही. म्हणून शेवटी आले."

"कुठून सुरू होतं?"

तिने बोट दाखवलं. त्याच्या पट्ट्यापासून सहा पावलांवर रस्त्यात लोखंडी जाळी होती. तीन काचांतून ती त्याला कधीच दिसली नव्हती, दिसली असती तरी त्याने गटाराची समजली असती.

धुरातून शिट्टीसारखा आवाज आला आणि मागच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्फोट झाला. पिवळ्या घरातल्याने अंदाजाने मारलं होतं. विटा धडाधड बुरुजावर पडल्या. बाईने डोक्यावर अभ्रा धरला, जसा काही तो छत्री होता.

"ताई, भिंतीला लागून आत जा! धूर आहे तोवर जा!"

"तुम्ही पुढे येणार नाही ना?"

"नाही येणार."

"शपथ घे."

"अहो, जा आता!"

ती गेली. तो झाकण ओढून आत बसला आणि इंजिन चालू केलं. ते दुसऱ्या खेपेला लागलं. पहिल्या खेपेला लागलं नाही तेव्हा चौघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. मास्तरांनी काचांच्या कड्यातून मागे बघत गाडी मागे घेववली: "जरा डावीकडे... सरळ... आता खुर्ची येईल, येऊ दे." न्हाव्याची खुर्ची पट्ट्याखाली कुरकुरत मोडली. या वेळी काय मोडलं ते टँकरवाल्याला नक्की ठाऊक होतं.

चौकातून वळून मागच्या गल्लीने पोस्टापर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागली. गल्ली अरुंद होती, एक भिंत खरोखरच पाडावी लागली. मागच्या बाजूने आल्यामुळे पिवळ्या घराचा मागचा जिना घड्याळजीच्या दुर्बिणीत आला, आणि नळीवाला खाली पळताना दिसला तेव्हा त्याने एकच गोळा टाकला. त्यानंतर रस्ता शांत झाला.

पोस्टातून पाच माणसं चालत आणि आधाराने बाहेर आली. सहाव्याला चादरीत गुंडाळून आणलं. सार्जंट चादरीचं एक टोक धरून चालत होता.

"किती वेळ झाला?" मास्तरांनी आतल्या एकाला हळूच विचारलं.

"निरोप पाठवल्यावर अर्धा तास टिकला. शेवटी येतायत, येतायत म्हणत होता. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील."

टँकरवाल्याने ऐकलं. झाकण उघडं होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

दुपारी सैन्याचा एक इंजिनिअर लाँड्रीच्या तळघरात उतरून आला. एकोणीस माणसं बाहेर आली, म्हातारीला खुर्चीवर बसवून आणलं. टँकरवाला इंजिनिअरपाशी गेला.

"गाडी गेली असती तर पडलं असतं का?"

इंजिनिअरने डोकं खाजवलं. "सांगता येत नाही. कमान जुनी आहे, पण जुन्या कमानी चिवट असतात. पडलंही असतं. कदाचित टिकलंही असतं."

"कदाचित म्हणजे किती?"

"अरे, कदाचित म्हणजे कदाचित."

हे उत्तर सार्जंटच्याही कानावर गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो रणगाड्यापाशी आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि पहिलाच शब्द तोच होता.

"कदाचित," तो म्हणाला. "कदाचितसाठी थांबलास तू."

टँकरवाला पट्ट्यावर बसून काचा पुसत होता. तो उठून उभा राहिला. मास्तर मध्ये पडायला निघाले, तर त्यानेच हाताने थांबवलं.

"बाई समोर होती."

"बाई बाजूला झाली असती! माणूस एवढी मोठी गाडी अंगावर येताना बघून बाजूला होतो. तुला दिसत नव्हती ना? मग ती तिथे नव्हती असंच धरून चालायचं. बाकीचे तेच करतात."

"मीही तेच केलं होतं, चार दिवसांपूर्वी."

सार्जंटला ते कळलं नाही, आणि टँकरवाल्याने समजावून सांगितलंही नाही. तो म्हणाला, "एकदा माझ्या जागेवर बसून बघ."

सार्जंट थुंकला. पण थोड्या वेळाने काय वाटलं कुणास ठाऊक, बूट काढल्यासारखी बंदूक काढून ठेवली आणि त्या अरुंद भोकात स्वतःला कोंबलं. टँकरवाल्याने झाकण लावलं आणि गाडीपुढे पंचवीस पावलांवर जाऊन उभा राहिला. मग तो गाडीकडे चालू लागला. आतून सार्जंटचा दबका आवाज येत होता. "दिसतोस... दिसतोस... नुसतं डोकं..." मग आवाज थांबला. टँकरवाला आणखी चार पावलं पुढे आला. हात लांबवला असता तर गाडीच्या नाकाला लागला असता. आपल्याच गाडीच्या पुढ्यात या जागी तो कधी उभा राहिला नव्हता. इंजिन बंद होतं, तरी त्याचा एक पाय आपोआप मागे सरला.

"कुठे गेलास?" आतून आवाज आला. मग मोठ्याने, "अरे, कुठे गेलास?"

झाकण उघडून सार्जंट बाहेर आला. बराच वेळ बुटांच्या नाड्या बांधत बसला.

"बायकोला पत्र लिहायचंय," तो शेवटी म्हणाला. "काल रात्रीपासून कागद घेऊन बसतोय. रस्ता बंद होता असं लिहू का?"

"रस्ता बंद नव्हता."

"मग तू सांग. काय लिहू?"

"घडलं ते लिही."

"ती विचारेल, त्या एकोणीसांत आपलं कोण होतं?"

टँकरवाला पुन्हा काच पुसायला लागला. पैलवान बुरुजावर उन्हात पाय सोडून बसला होता, तो दुसरीकडे बघायला लागला.

अकरा वाजता पुढच्या वस्तीत जायचा हुकूम आला. सार्जंटने आपल्या माणसांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं, आजपासून एकजण गाडीच्या पुढे, उजव्या कडेने, पंधरा पावलांवर चालेल; ड्रायव्हरच्या काचेत दिसेल असा. हात वर म्हणजे थांब, हात खाली म्हणजे चल. पहिली पाळी कुणाची, असं कुणी विचारायच्या आत तो स्वतःच पुढे जाऊन उभा राहिला.

झाकण बंद झालं. उजव्या काचेत सार्जंटची पाठ आली. रुंद पाठ, खांद्याला बंदूक, मानेवर घामाचा ओला पट्टा. त्याने हात खाली केला. टँकरवाल्याने गाडी सोडली.

वस्ती येईपर्यंत दीड तास लागला. तेवढ्या वेळात सार्जंटने चारदा हात वर केला आणि चारदा खाली केला, पण एकदाही मागे वळून बघितलं नाही. टँकरवाल्याला त्याची पाठ दिसत होती. ती पाठ आपल्यावर रागावलेली आहे की नाही, हे ओळखायचा तो दीड तास प्रयत्न करत राहिला.

"काय दिसतंय रे?" पैलवानाने विचारलं.

"सार्जंट चालतोय," टँकरवाला म्हणाला.